शेवटचं युनिट कितीला पडतं?

मीटर आणि शेगडी : वाचकांचे प्रश्न

मे महिन्याचं बिल हातात पडलं की या सदराकडे पत्रांची रीघ लागते. यंदाही लागली. कूलर, एसी, सुट्टीला आलेली नातवंडं, सगळ्यांचा हिशेब त्या एका कागदावर उतरलेला असतो. बहुतेक पत्रांचा सूर एकच : कंपनी बदलता येते का? त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. हिशेब तोंडी करता यावा म्हणून आकडे मी गोल केलेत. तुमच्या बिलावर पुढेमागे असतील तर तुमचेच खरे धरा.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं निवृत्त, जुळे सोलापूरला राहतो. मुलगा मुंबईत अंधेरीला असतो. त्याने दोन कंपन्यांचे दर शेजारी शेजारी मांडून पाहिले आणि वीज कंपनी बदलली. आता आमच्या मागे लागलाय, ‘तुम्हीही बघा आणि बदला.’ त्यातच आमच्या सोसायटीत एक माणूस येऊन गेला. नवी कंपनी येतेय, बिल वीस टक्के कमी होईल, आत्ताच नाव नोंदवा, असं सांगून बिलाचा फोटो आणि पाचशे रुपये मागत होता. शेजारच्यांनी दिले. आम्ही थांबलोय. सोबत आमचं बिल जोडलं आहे.

उत्तर : थांबलात ते छान केलंत. पाचशे रुपये देऊ नका आणि बिलाचा फोटो तर मुळीच देऊ नका. त्यावर तुमचा ग्राहक क्रमांक, पत्ता, मंजूर भार सगळं असतं. अनोळखी माणसाच्या हाती ते कशाला? सोलापुरात घरगुती ग्राहकाला वीज देणारी कंपनी एकच, महावितरण. इथे निवडायला दुसरं दुकान नाही.

मुलगा खोटं बोलत नाही, त्याच्या शहराची गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या उपनगरांत टाटा आणि अदानी या दोघांनाही घरोघरी वीज विकण्याचा परवाना आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटांचा किरकोळ वीज विकण्याचा हक्क मान्य केला आणि पुढच्या वर्षापासून लोक इकडून तिकडे जाऊ लागले. तारा बहुतेक वेळा जुन्याच कंपनीच्या राहतात, वीज नवी कंपनी विकते आणि तारांच्या मालकाचा वहन आकार बिलात येतच राहतो. म्हणून तिथेही नुसता ‘युनिटचा दर’ बघून उडी मारणारा फसतो. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चाप्रमाणे कमीजास्त होणारी रक्कम), स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी रक्कम), सगळं मिळवून मगच ताळा करायचा असतो.

एकाच भागात दोन वितरण कंपन्या असायला वीज कायदा २००३ ची हरकत नाही. पण परवाना द्यायचा तो राज्य वीज नियामक आयोगाने, आणि त्याआधी जाहीर सूचना निघते, हरकती मागवल्या जातात. हे सगळं सोसायटीच्या जिन्यात, पाचशेच्या नोटेवर होत नाही. आणि नवी कंपनी दिसली म्हणजे नवा दर आला असंही नाही. भिवंडीत २००७ पासून टोरंट काम बघते, पण ती फ्रँचायझी, म्हणजे महावितरणच्या वतीने काम करणारी कंपनी. दर महावितरणचाच लागतो. कारखानदार बाहेरून वीज घेतात ती ‘ओपन अ‍ॅक्सेस’मधून, त्यासाठी मुळात मोठा भार लागतो. तुमचा मंजूर भार तीन किलोवॅट. तो रस्ता तुमचा नव्हे.

आता तुमच्या बिलाकडे वळू, कारण तुलना करण्यासारखं खरं तिथेच आहे. तुमचा वापर १८० युनिट. घरगुती दराचे टप्पे चार : पहिली १०० युनिटं, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढची. वहन आकार धरून पहिल्या टप्प्याला युनिट साधारण ६ रुपयांना पडतं आणि दुसऱ्याला ११ रुपयांना. म्हणजे तुमची पहिली १०० युनिटं ६०० रुपयांची, पुढची ८० युनिटं ८८० रुपयांची. त्यात स्थिर आकार सुमारे १३० रुपये. झाले १,६१०. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे अंदाजे २५८. एकूण १,८६८ रुपये, इंधन समायोजन सोडून.

मी वीज मंडळात बिलाच्या टेबलावर होते तेव्हा खिडकीशी येणारा माणूस रकमेला युनिटांनी भागूनच यायचा. ‘बाई, साडेदहा रुपयांनी युनिट लावलंय!’ भागाकार बरोबर असायचा, पण त्याचा उपयोग काही नसायचा. साडेदहा रुपयांचं युनिट बिलात कुठेच नाही. शुल्कासकट ७ रुपयांची १०० युनिटं आहेत आणि १३ रुपयांची ८०. तुम्ही काटकसर केलीत तर कमी होतात ती १३ रुपयांची. नवं काही विकत आणलंत तर वाढतात तीही १३ रुपयांचीच. म्हणून घरात कुठलाही निर्णय घ्यायचा तो शेवटच्या युनिटाच्या भावावर. सरासरीने गोंधळ उडतो. ३०० च्या पुढे गेलात तर शेवटचं युनिट शुल्कासकट सतराच्या आसपास जातं. एसी असलेल्या घरांना मे महिन्यात घाम फुटतो तो यामुळे.

एकच उदाहरण देते. तुमचे पंखे जुने आहेत असं लिहिलंय. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आत. तीन पंखे रोज पंधरा तास चालले तर फरक पडतो रोज दोन युनिटांचा, महिन्याला साठांचा. साठ गुणिले तेरा, ७८० रुपये. तुमच्याकडे आलेला तो माणूस वीस टक्क्यांची बात करत होता. १,८६८ चे वीस टक्के ३७४ होतात. हिवाळ्यात पंखे बंद असतात हे धरूनसुद्धा दीड-दोन वर्षांत पंख्यांचे पैसे वसूल.

बाकी बारीकसारीक : बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का, कागदी बिल नको म्हटलं तर ‘गो ग्रीन’चे बिलामागे दहा रुपये. कोणी श्रीमंत होत नाही यातून, पण फुकट आहे तर घ्या.

प्रश्न : मी आणि मिस्टर दोघंही नोकरी करतो. होटगी रोडला राहतो, सासूबाई आणि एक मुलगी धरून चौघं. आमची गॅस एजन्सी टाकी वेळेवर देत नाही. कंटाळून इंडक्शनवर जायचं आणि गॅस परत करायचा असं चाललंय. इंडक्शन स्वस्त पडतं असं मैत्रीण सांगते. टाकी आम्हाला दीड महिना जाते. विजेचा वापर १९० युनिट.

उत्तर : मैत्रीण एकटी राहत असेल तर तिचं बरोबर आहे. तुमच्या घरी मात्र हिशेब उलटा बसतो.

१४.२ किलोच्या टाकीत साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या गॅस शेगडीत तिच्यातली अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागते, उरलेली स्वयंपाकघर तापवते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे कोणाला वेगळं सांगायला नको. इंडक्शनवर ८४-८५ टक्के भांड्याला लागते. म्हणजे एका टाकीचं काम करायला इंडक्शनला सुमारे १४५ युनिटं हवीत. टाकी दीड महिना जाते, तर महिन्याला ९७. तुमची १९० युनिटं आधीच झालेली, त्यामुळे ही सगळीच्या सगळी १३ रुपयांच्या टप्प्यात पडणार. १,२६० रुपये. टाकीचा भाव मी ९०० धरला तर गॅसचा महिन्याचा खर्च ६००. दुपटीहून जास्त फरक झाला. उन्हाळ्यात कूलर लागला की एकूण वापर ३०० पार होईल आणि वरची युनिटं सतराने पडतील, ते वेगळंच.

मैत्रिणीचा वापर महिन्याला ५० युनिट असेल आणि एकटीच्या स्वयंपाकाला ४० युनिटं लागत असतील, तर ती ७ रुपयांच्या टप्प्यातच राहते. खर्च २८० रुपये. तेवढ्याच स्वयंपाकाला गॅस २५० रुपयांचा लागला असता. फरक नगण्य, आणि टाकीचे २,२०० व रेग्युलेटरचे २५० रुपये अनामत अडकवून ठेवायला नकोत. भाड्याने राहणाऱ्या एकट्या मुलामुलींना मी इंडक्शनच सांगते.

शिवाय सासूबाईंना विचारलंत का? इंडक्शनवर तव्यातली भाकरी होते. पण तव्यावरून काढून जाळावर टम्म फुगवायची सोय नाही. फडक्याने दाबून फुगवावी लागते आणि ज्वारीच्या भाकरीला ते मानवतंच असं नाही. आठवडाभराच्या कडक भाकरी करून ठेवायच्या असतील तर जाळच हवा. अ‍ॅल्युमिनियमची पातेली इंडक्शनवर चालणार नाहीत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर चालेल. आणि २,००० वॅटची शेगडी साध्या पाच अँपिअरच्या प्लगला लावू नका. सोळा अँपिअरचा पॉइंट वायरमनकडून काढून घ्या.

तुमचं खरं दुखणं एजन्सीचं आहे, गॅसचं नाही. त्यावर दोन उपाय : दुसरी टाकी घ्या किंवा एजन्सी बदला. दुसऱ्या टाकीला पुन्हा २,२०० अनामत लागते, पण एक संपली की बुकिंग करून निवांत राहता येतं. इंडक्शन एक असू द्या घरात. सकाळचा चहा, मुलीची मॅगी आणि ‘आज टाकी नाही’ असा निरोप आला त्या दिवशीसाठी. एजन्सी बदलायचं कसं ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आमचा गॅसवाला घरपोच देताना वर पन्नास रुपये मागतो, ‘तिसरा मजला आहे’ म्हणतो. दुसऱ्या कंपनीचा गॅस घेतला तर स्वस्त पडेल का? (नवी पेठ)

उत्तर : स्वस्त पडणार नाही. इंडेन, भारतगॅस, एचपी, तिघांचाही घरगुती टाकीचा भाव एका गावात सारखाच असतो. गाव बदललं की वाहतुकीमुळे थोडा बदलतो, कंपनी बदलून नाही. तेव्हा इथे दराची तुलना करत बसू नका, तुलना करायची ती सेवेची.

एजन्सी बदलण्याची सोय २०१३ साली काही शहरांत आणि २०१४ च्या सुरुवातीला देशभर आली. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तुमच्या भागातल्या एजन्सी आणि त्यांना मिळालेले तारे दिसतात. तिथूनच अर्ज करायचा. कंपनी तीच आणि एजन्सी दुसरी, असं असेल तर सोपं. टाकी-रेग्युलेटर तुमच्याकडेच राहतात, बदलीचे पैसे लागत नाहीत. जुनी एजन्सी फोन करून मनधरणी करेल, ऐकून घ्या. कंपनीच बदलायची असेल तर मात्र टाकी आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यायची आणि नवीकडे भरायची. त्या दोन दिवसांत स्वयंपाक कशावर, ते आधी ठरवा. म्हणून माझा सल्ला, आधी त्याच कंपनीची जवळची एजन्सी पाहा.

वरचे पन्नास रुपये देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. पावतीवरच्या रकमेत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो, मजला कितीही असो. याउलट तुम्ही स्वतः गोदामातून टाकी उचलली तर तेवढी रक्कम वजा करून मिळायला हवी, हे फारसं कोणी सांगत नाही. पोऱ्या उन्हात तीन जिने चढतो म्हणून खुशीने काही द्यायचं तर जरूर द्या. पाणी तर द्याच. पण मागणी झाली तर पावती मागा.

आणि दारात टाकी आली की वजन करून घ्या. आणणाऱ्याकडे काटा असायला हवा. टाकीच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं. समजा १५.९ आहे, तर भरलेली ३०.१ किलो भरली पाहिजे. त्याच पट्टीवर अक्षर आणि आकडा असतो, तो चाचणीच्या मुदतीचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी वर्षाची शेवटची तिमाही, पुढे साल. मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही. मोबाइलवर आलेला कोड टाकी हातात पडल्यावरच सांगा. गळतीचा वास आला तर १९०६ ला फोन, दिवसा-रात्री कधीही.

प्रश्न : याच महिन्यात विजेची दोन बिलं आली. एक नेहमीचं, एक वेगळंच. दर वाढवलाच आहे, वर ही चोरी! (अशोक चौक)

उत्तर : दुसऱ्या बिलावर ‘अतिरिक्त सुरक्षा ठेव’ असं लिहिलंय का बघा. मासिक बिल येणाऱ्याची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी असा नियम आहे. गेल्या वर्षीचा वापर वाढला की फरक मागतात, साधारण याच दिवसांत. पैसे तुमचेच राहतात, त्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं. दराशी याचा संबंध नाही.

दुसरी शंका पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलीत, की रीडिंग उशिरा घेतलं म्हणून वरचा टप्पा लागला. रीडिंग ३५ दिवसांचं असेल तर टप्पेही त्या प्रमाणात ताणले जातात, पहिला १०० चा न राहता ११५-११६ च्या आसपास जातो. बिलावरच्या दोन रीडिंगच्या तारखा मोजून पाहा. ताणलेला नसेल तर लेखी तक्रार करा. फोनवर बोलायचं तर १९१२.

प्रश्न : आमच्या भागात गॅसची पाइपलाइन टाकतायत. सोसायटीचा सचिव म्हणून मला सभासदांना सांगायचं आहे की टाकी बरी की पाइप. काय बघावं? (विजापूर रोड)

उत्तर : एकच गुणाकार शिकवा त्यांना. पाइपचा गॅस घनमीटरमध्ये मोजतात. एका टाकीचं काम सोळा-सतरा घनमीटर करतात. कंपनीच्या दरपत्रकावरचा करासकटचा दर सतराने गुणा. टाकीच्या भावापेक्षा कमी आला तर पाइप स्वस्त. टाकी ९०० धरली तर घनमीटरला ५३ रुपये ही सीमारेषा. मग बिलातला किमान आकार आणि जोडणीची अनामत बघा, कारण महिन्याला सहा-सात घनमीटर वापरणाऱ्या दोन माणसांच्या घरात किमान आकारच जड होतो.

पाइपमध्येही कंपनी निवडता येत नाही, एका जिल्ह्यासाठी नियामक मंडळ एकाच कंपनीला अधिकार देतं. नैसर्गिक वायू जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्राने तो साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, म्हणून पूर्वीचे हिशेब आता लागू नाहीत.

सभेत हमखास निघणारा प्रश्न सुरक्षेचा. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. पाइपचा हलका, वर चढतो. म्हणून खिडकीवरची जाळी पुठ्ठ्याने बुजवू नका म्हणावं. शेगडी तीच चालते, पण नोझल बदलावे लागतात, आणि ते कंपनीच्याच माणसाकडून.

प्रश्न : मावशी, मी बारावीला आहे. आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, एनटीपीसीच्या चिमण्या घरातून दिसतात. एवढी वीज आमच्या उशाला तयार होते, मग आम्हाला ती स्वस्त का नाही? वडील म्हणतात मावशींना विचार.

उत्तर : छान विचारलंस. फताटेवाडीच्या प्रकल्पात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, म्हणजे १,३२० मेगावॅट. पण ही केंद्राची कंपनी. तिथली वीज महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशासारख्या इतर राज्यांनाही करारानुसार वाटलेली आहे. ती तुझ्या घरच्या तारेत सरळ उतरत नाही, आधी ग्रीडमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक तारांच्या जाळ्यात जाते. महावितरण बऱ्याच प्रकल्पांकडून वीज घेतं, त्या सगळ्याची सरासरी काढून आयोग दर ठरवतो आणि तो सोलापूर, गडचिरोली, रत्नागिरी सगळीकडे एकच. तुझ्या गावाच्या वाट्याला चिमणीचा धूर जास्त आणि सवलत नाही, हा अन्याय वाटतो तर वाटू दे. प्रश्न अर्थशास्त्राच्या बाईंनाही विचार, त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येईल.

प्रश्न : मी घरीच शेंगाची चटणी करून विकते. कांडपाचं मशिन आणि मिक्सर आहे. शेजारीण म्हणते व्यापारी मीटर घ्यावं लागेल, नाहीतर दंड. (बाळीवेस)

उत्तर : शेजारणीला सांगा, घाई नको. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत आणि मागच्या वर्षभरात ३,६०० च्या आत असेल तर घरगुती दरच लागतो. आयोगाच्या दर आदेशात हे स्पष्ट लिहिलंय. तुमचं बिल १४० चं आहे, निश्चिंत राहा. दिवाळीत ऑर्डरी वाढतात तेव्हा तेवढं मीटरवर लक्ष असू द्या.

गॅसचं मात्र तसं नाही. विकायच्या शेंगा घरगुती टाकीवर भाजणं नियमात बसत नाही, त्याला १९ किलोची व्यावसायिक टाकी लागते. तिच्यावर जीएसटी १८ टक्के, घरगुतीवर ५. चटणीची किंमत ठरवताना तो भाव धरा.

प्रश्न : छतावर सोलर बसवायचंय. विक्रेता तीन किलोवॅट घ्याच म्हणतो, ७८ हजार अनुदान आहे. आमचा सरासरी वापर २८० युनिट. (अक्कलकोट रोड)

उत्तर : विक्रेता मोठंच घ्या म्हणणार, त्याचा धंदा आहे. पुन्हा शेवटच्या युनिटापासून मोजू. सोलापूरच्या उन्हात एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिटं देतो.

पहिला किलोवॅट तुमची २८० वरून १६० वर आणेल. कमी झालेली सगळी १३ रुपयांची, १,५६० रुपये वाचले. दुसरा १६० वरून ४० वर आणेल : साठ युनिटं १३ ची, साठ ७ ची, मिळून १,२००. तिसऱ्याला खायला उरली फक्त ४० युनिटं, तीही ७ रुपयांची. २८० रुपये. बाकीची ८० खात्यावर जमा होत राहतील. वर्षअखेरीला शिल्लक राहिली तर तिचा मोबदला तुमच्या खरेदीच्या दराच्या जवळपासही नसतो.

आता अनुदान बघा. ‘पीएम सूर्यघर’मध्ये एका किलोवॅटला ३०,०००, दोनाला ६०,०००, तीन आणि त्यापुढे कितीही घ्या, ७८,०००. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटला सरकार १८ हजारच देतं आणि तो महिन्याला २८० रुपयेच कमावतो. तुम्हाला दोन पुरे. येत्या वर्षात एसी किंवा विजेची गाडी घेणार असाल तर तीन घ्या, आणि मग होटगी रोडच्या ताईंनी विचारलेलं इंडक्शनही तुम्हाला परवडेल. विक्रेत्याकडून दोनचं आणि तीनचं, अशी दोन्ही कोटेशनं लेखी घ्या. स्थिर आकार सोलरनंतरही येत राहील. छतावर पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठे पडते ते आधी बघा, सावलीतलं पॅनल नावापुरतं.

प्रश्न : नवीन टीओडी मीटर बसवलंय. दिवसा वापरलेली वीज स्वस्त, असं मीटरवाला सांगून गेला. मग पाण्याची मोटर, वॉशिंग मशिन सगळं दुपारी लावायचं का? (साखर पेठ)

उत्तर : सांगितलं ते खरं आहे. टीओडी म्हणजे वीज कोणत्या वेळेला वापरली तेही नोंदवणारं मीटर. जुलै २०२५ पासून हे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली, पुढच्या वर्षांत ती वाढत एक रुपयापर्यंत जायची आहे. महिन्याला ४० युनिटं रात्रीची दिवसावर आणलीत तर ३२ रुपये सुटतात. त्यासाठी दुपारची झोप मोडू नका. वॉशिंग मशिन आणि इस्त्री सकाळी नऊनंतर घ्या, तेवढं सहज जमतं. मोटरचं काय सांगू? आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते रात्री दोनला येणार की पहाटे पाचला, हे नियामक आयोगाच्या हातात नाही. पाणी येईल तेव्हा मोटर लावा.